सही कोणाची?

महिन्याची सहा तारीख होती. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात अकरा कामगारांचे पगार दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. बँकेत पैसे होते, चेक लिहून तयार होता, त्यावर एक सही झालेली होती. दुसरी सही ज्याची लागायची तो भागीदार आदल्या रात्री मेंदूत रक्तस्राव होऊन अतिदक्षता विभागात दाखल झाला होता. खातं उघडताना बँकेला दिलेल्या पत्रात ‘दोघांच्या सह्या एकत्र’ असं लिहिलं होतं. शाखेनं चेक परत केला, आणि त्यात शाखेची काही चूक नव्हती. नेटबँकिंगची गतही तीच. एकानं रक्कम भरायची, दुसऱ्यानं मंजुरी द्यायची, आणि मंजुरीचा ओटीपी जाणार तो हॉस्पिटलमध्ये उशाशी बंद पडलेल्या मोबाईलवर.

दुपारी दुसरा भागीदार टेंभी नाक्यावरच्या माझ्या ऑफिसात आला. अंगावर मशीनच्या तेलाचे डाग पडलेला शर्ट तसाच. त्यानं फाइल माझ्यापुढे ठेवली. आत सव्वीस पानांचा एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा, करार होता, कुठल्याशा एजंटानं नोंदणीबरोबर ‘फ्री’ म्हणून दिलेला. अकराव्या कलमात एकच वाक्य होतं: दोन्ही भागीदार व्यवसायाचं व्यवस्थापन संयुक्तपणे पाहतील. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं की वाद झाल्यास तो हैदराबादच्या न्यायालयात चालेल. या दोघांनी जन्मात हैदराबाद पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या करारातली नावं बदलली, गाव बदलायचं राहून गेलं.

हा करार मी आधी पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी गाळ्याच्या भाडेकरारासाठी दोघं आले, तेव्हा त्याची प्रत कागदांना जोडलेली होती. मार्च महिना होता, बाहेर माणसं खोळंबली होती. अकरावं कलम वाचून मी मनाशी म्हटलं, यांना एकदा बोलावून सांगायला हवं. बोलावलं नाही. ती चुटपुट अजून गेलेली नाही, आणि ही पुस्तिका लिहायला घेतली ती तिच्यापायीच.

दोन, तीन, पाच माणसं मिळून मर्यादित दायित्वाची भागीदारी काढतात, तेव्हा धंदा चालवायचा कोणी हे त्यांनी कसं ठरवावं आणि ठरवलेलं कागदावर कसं उतरवावं, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. नाव कसं मिळवायचं, फॉर्म कसा भरायचा, यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. पण कर्ज कोणी उचलायचं, माणूस कामावर कोणी ठेवायचा आणि कोणी काढायचा, पार्टीला उधारी किती दिवसांची द्यायची, यावर धंदा सुरू होण्याआधी दोन भागीदार शांतपणे बोललेत असं मी फार कमी पाहिलं. भांडवल किती आणि नफा किती टक्के, एवढं बोलून होतं आणि चहा येतो.

ठाण्याला भागीदारी नवी नाही. जांभळी नाक्यावरचा घाऊक बाजार, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकानं, डोंबिवली एमआयडीसीतली युनिटं, सगळीकडे पाटीवर ‘आणि कंपनी’ किंवा ‘ब्रदर्स’ दिसतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवातच 1 ऑगस्ट 1962 रोजी वागळे इस्टेटमध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत झाली. मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडलेले टर्नर, फिटर, टूलरूममधले कारागीर यांनी पुढे याच परिसरात एखादं लेथ टाकून जॉबवर्क सुरू केलं. बहुतेकांनी एक मित्र किंवा मेहुणा बरोबर घेतला. एकाकडे हात होता, दुसऱ्याकडे चार पैसे. 1932 च्या भागीदारी कायद्यानं त्यांचं काम भागत होतं, पण त्या कायद्यात एक धास्ती कायमची होती. भागीदारानं करून ठेवलेलं देणं तुमच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतं.

ही धास्ती घालवण्यासाठी 2008 चा मर्यादित दायित्व भागीदारी कायदा आला आणि 31 मार्च 2009 पासून अमलात आला. आता पेढी स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती झाली. भागीदार तिच्या वतीनं बोलतो, दुसऱ्या भागीदाराच्या वतीनं नाही. त्याचं देणं त्यानं कबूल केलेल्या भांडवलापुरतं. मात्र फसवणूक केली तर हे कवच गळून पडतं. इतकं लोकांना ठाऊक असतं. याच कायद्यानं दुसरी एक गोष्ट, कारभाराची घडी, भागीदारांच्या हाती सोपवली आहे, तिकडे मात्र लक्ष जात नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मालकी भागधारकांची आणि कारभार संचालक मंडळाचा, ही घडी कायदाच घालून देतो. जुन्या भागीदारी पेढीत सगळेच मालक आणि सगळेच चालक. एलएलपी या दोहोंच्या मधली आहे. तिला संचालक मंडळ नाही, वार्षिक सभेची सक्ती नाही. कायदा एवढंच म्हणतो की किमान दोन डेझिग्नेटेड पार्टनर नेमा आणि त्यांतला एक भारतात राहणारा असू द्या. वार्षिक विवरणपत्र 30 मे पर्यंत गेलं नाही, हिशेबाचं आणि पत-क्षमतेचं पत्रक 30 ऑक्टोबरपर्यंत गेलं नाही, तर दंडाला धरायचं ते यांना. पुष्कळांना वाटतं की डेझिग्नेटेड पार्टनर म्हणजेच कारभारी. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी वयस्कर वडिलांना मान म्हणून हे पद दिलं होतं. वडील बिचारे सोसायटीच्या बाकावर बसून पेपर वाचत, आणि सरकारच्या नोटिसा त्यांच्या नावावर येत. पद कारभाराचं नाही, जबाबदारीचं आहे. कारभार कोणाचा हे त्या पदावरून ठरत नाही.

माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्यानं तिथं एका मित्राबरोबर एलएलसी, म्हणजे तिकडची मर्यादित दायित्वाची कंपनी, काढायचं ठरवलं. रात्री त्याचा फोन आला, “मामा, फॉर्मवर तीन चौकोन आहेत. कुठल्यावर टिक करू?” एक मॅनेजर, एकापेक्षा जास्त मॅनेजर, किंवा सगळे सभासद, असे ते तीन चौकोन. अमेरिकेत हा प्रकार 1977 साली वायोमिंग राज्यानं प्रथम कायद्यात आणला, तोही एका तेल कंपनीच्या गरजेपोटी. 1988 साली तिथल्या कर खात्यानं त्याची करआकारणी भागीदारीसारखी होईल हे मान्य केल्यावर तो राज्याराज्यांत पसरला. त्याला दोन मुख्य तऱ्हा. सभासदांनीच धंदा चालवायचा, किंवा मॅनेजर नेमून बाकीच्यांनी बाजूला राहायचं. मी भाच्याला विचारलं, “तुझा मित्र नोकरी सोडणार आहे का?” तो म्हणाला, “नाही, तो फक्त पैसे घालतोय.” “मग त्यानं तुला न विचारता पुरवठादाराशी करार केलेला तुला चालेल का?” थोडा वेळ तिकडून आवाज आला नाही. टिक कुठं करायची ते त्याला समजलं होतं. तरी मी त्याला म्हटलं, नुसत्या टिकेवर राहू नकोस, मॅनेजरनं कुठवर जायचं हे आपसांतल्या करारात लिही.

आपल्याकडच्या अर्जात हा चौकोन नाही. दोन नावं भरली, डिजिटल सह्या झाल्या, की नोंदणी होते. करार दाखल करायला नोंदणीनंतर तीस दिवस मिळतात, आणि नेमके याच तीस दिवसांत लोक गाळ्याचं डिपॉझिट, जीएसटी, बँक खातं यांच्या मागे धावत असतात. करार एजंटकडून येतो, सह्या होतात, फाइल कपाटात जाते. मग करार ज्या मुद्द्यावर गप्प असेल तिथं कायदा स्वतः बोलू लागतो. कायद्याच्या शेवटी पहिलं परिशिष्ट जोडलेलं आहे. तेवढी दोन-तीन पानं तरी प्रत्येक भागीदारानं वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

हे परिशिष्ट सगळ्यांना सारखं मानतं. भांडवल, नफा, तोटा यांत सगळ्यांचा सारखा वाटा. कारभारात भाग घेण्याचा प्रत्येकाला हक्क. धंद्यासाठी राबल्याबद्दल कोणालाही मोबदला नाही. निर्णय बहुमतानं, आणि बहुमत डोक्यांचं: एका भागीदाराला एक मत. नवा भागीदार घ्यायचा तर सगळ्यांची संमती, धंद्याचं स्वरूप बदलायचं तरी सगळ्यांची संमती. करारात तसा अधिकार स्पष्ट दिलेला नसेल तर बहुमतानंही कोणाला काढता येत नाही.

यातला एकेक नियम वाचताना वाजवी वाटतो. आता तो एखाद्या गाळ्यात नेऊन पाहा. एकानं वडिलोपार्जित जागा विकून चाळीस लाख घातले, दोघांनी दोन-दोन लाख. पैसे घालणाऱ्याला दुसरं मशीन नको आहे, कर्जाची त्याला भीती वाटते. दोघांना हवं आहे. करारात मतांबद्दल काही नाही. दोन विरुद्ध एक, मशीन येणार. उलट बाजूनंही बघा. तिसरा भागीदार रोज सकाळी आठला शटर उघडतो, रात्री नऊला बंद करतो, रविवारी पार्टीकडे वसुलीला जातो. करारात पगाराचा शब्द नाही, म्हणून तो घरी बसलेल्याइतकाच नफा नेतो. दोघांपैकी कोणीही वाईट नसतं. वर्षभर गप्प राहतात, दुसऱ्या वर्षी धुसफूस सुरू होते, तिसऱ्या वर्षी बायका एकमेकींच्या हळदीकुंकवाला जायच्या बंद होतात. मग ते माझ्याकडे येतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून मी पहिल्या बैठकीत पैशाचा विषय बाजूला ठेवायला सांगतो. पैसा किती घातला आणि नफा किती मिळणार, हे एक खातं. निर्णय कोण घेणार हे दुसरं. आपल्याकडे ही दोन्ही खाती एकाच वहीत मांडायची सवय आहे, कारण एकत्र कुटुंबात ती एकच होती. कर्ता बोलेल तसं. तो थोरला असे, तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला असे, आणि त्याचा शब्द मोडायचा नाही हा करार जन्मानंच झालेला असे. मित्रांच्या एलएलपीत कोणी जन्मानं थोरला नसतो. तिथं थोरलेपण द्यावं लागतं, आणि किती द्यायचं तेही सांगावं लागतं.

कारभाराची तऱ्हा निवडताना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. सकाळी गाळ्यात कोण असतं? दोघंही रोज असतील आणि दोघांचं काम वेगळं असेल, तर सर्वांनी मिळून चालवण्याची तऱ्हा छान चालते. फक्त प्रत्येकाचं अंगण आखून द्यावं लागतं. एकाचं उत्पादन, एकाची खरेदी-विक्री. आपल्या अंगणात त्यानं विचारायची गरज नाही, दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकू नये. एकच राबणारा आणि बाकीचे पैसे घालणारे, ज्यांना बाजारात स्लीपिंग पार्टनर म्हणतात, असं असेल तर एक कार्यकारी भागीदार नेमावा आणि मोजके मोठे विषय सर्वांसाठी राखून ठेवावेत: कर्ज, तारण, जागा, नवा भागीदार, धंदा विकणं. पाच-सात जण असतील, समजा कल्याण-डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी मिळून एखादं निदान केंद्र काढलं असेल, तर तिघांची समिती बरी, आणि तिची मुदत दोन वर्षांची. बाहेरचा व्यवस्थापक नेमता येतो, पण त्याला अधिकारपत्र हवं आणि त्याच्यावर डोळा ठेवणारा एक भागीदार नावानिशी ठरलेला हवा. दोघांच्या समसमान एलएलपीसाठी मी आणखी एक कलम हट्टानं घालायला लावतो. मतं फुटली तर काय? सात दिवस थांबायचं, मग दोघांनी आधीच मान्य केलेल्या तिसऱ्या माणसाकडे जायचं, आणि त्या माणसाचं नाव करारातच लिहायचं. भांडण झाल्यावर तिसरं नाव दोघांना मिळून सुचत नाही.

कामाची वाटणी नीट असली की माणसं काय उभारू शकतात, याचं आपल्या भाषेतलं सर्वांत सुंदर उदाहरण मला प्रभात वाटतं. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ही फिल्म कंपनी निघाली, ती पाच भागीदारांची. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघं बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, कोल्हापूरचे सराफ. भांडवलाची बाजू त्यांची. शांताराम दिग्दर्शन पाहत, दामल्यांकडे ध्वनी, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा. वाटणी स्पष्ट, पण बंदिस्त नव्हती: 1936 चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. चार वर्षांत, 1933 साली, कंपनी पुण्यात आपल्या जागेत आली. पुढं धायबर बाहेर पडले, 1942 साली शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल उभी केली, 1945 साली दामले गेले. पन्नासच्या दशकात प्रभातचा पडदा खाली आला. त्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पाच असामान्य माणसांचा हा आलेख मी भागीदारांना मुद्दाम सांगतो. कामाची वाटणी आणि बाहेर जाण्याची वाट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमली म्हणून दुसरी आपोआप जमत नाही. जाणाऱ्याचा हिशेब कसा, नाव कोणाकडे राहणार, साचे आणि ड्रॉइंगं कोणाची, जाणारा समोरच्या गल्लीत तोच धंदा टाकू शकतो का, हे सगळे एकत्र बसलेले असतानाच बोलायचे विषय आहेत.

लिहिलं म्हणजे सगळं मिटलं असं मात्र मी म्हणणार नाही. किर्लोस्कर कुटुंबानं 2009 साली लेखी कौटुंबिक समझोता केला होता. त्यातल्या शब्दांचा अर्थ काय, यावरून पुढं वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठमोठे जाणकार हाताशी असलेल्या घराण्याच्या कागदावरही असा प्रसंग येऊ शकतो. आपल्यासारख्यांनी तर करारातला प्रत्येक शब्द जाणून घेऊनच सही करावी. एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि वाचताना अडखळलं तिथं खूण करावी. खूण पडलेलं वाक्य बदलायचं. करार इंग्रजीत असला तरी त्याची चर्चा मराठीत करावी, आणि चर्चेची मराठी टिपणंही जपून ठेवावीत.

टेंभी नाक्यावर राहणाऱ्या माणसाला कामाच्या वाटणीचं एक उदाहरण दरवर्षी दारातच दिसतं. आनंद दिघे यांनी 1978 साली इथं सुरू केलेला नवरात्रोत्सव. त्या दिवसांत नाक्यावरून चालायलाही जागा नसते, पण रांगेचं कोणाला विचारायचं आणि विजेचं कोणाला, हे कार्यकर्त्यांना पाठ असतं. कागद लागत नाही. पण तो उत्सव नवरात्रापुरता असतो आणि शेवटी कोणाला नफा वाटून घ्यायचा नसतो. धंदा वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालतो, त्यात कर्जाचे हप्ते असतात, आणि माणसाची तब्येत, घरची गरज, मुलांची लग्नं सगळं त्याच पैशावर येतं. तिथं पाठांतरावर भागत नाही.

आता लिहायचं कसं. ‘व्यवस्थापन पाहतील’, ‘योग्य ते निर्णय घेतील’ असली वाक्यं माझ्या दृष्टीनं कोरी आहेत. रक्कम लिहा, माणूस लिहा, मुदत लिहा. पन्नास हजारांपर्यंत कोणाही एकाची सही, पाच लाखांपर्यंत दोघांची, त्यावर सर्वांचा लेखी ठराव. पगार, वीजबिल, जीएसटी आणि बँकेचा हप्ता यांसाठी वेगळं खातं, त्यावर कोणाही एकाची सही पुरेशी. एखादा भागीदार आजारपणामुळं किंवा प्रवासामुळं तीन दिवस सही करू शकला नाही तर त्याच्याऐवजी कोण. हे शेवटचं कलम लिहायला लोक कचरतात. अभद्र बोलल्यासारखं वाटतं. मी त्यांना सांगतो, आपण विमा उतरवतो तेव्हा काही मरण चिंतत नाही.

राबणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारात असलाच पाहिजे, आणि तो मोघम नको. आयकराच्या दृष्टीनं करारात नसलेला मोबदला खर्च म्हणून धरला जात नाही, आणि मागच्या तारखेपासून लागू करून घेता येत नाही. 2024-25 या आर्थिक वर्षापासून मर्यादा वाढली आहे: पुस्तकी नफ्याच्या पहिल्या 6 लाखांवर 3 लाख किंवा 90 टक्के यांतली मोठी रक्कम, त्यापुढच्या नफ्यावर 60 टक्के. 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराला दिलेला मोबदला, व्याज वगैरे वर्षात 20,000 च्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. जुने करार कपाटातून काढून एकदा सीएला दाखवण्याची वेळ आलेली आहे, ती याच्यामुळंही.

करारात मर्यादा लिहिली की बाहेरच्या माणसाला ती आपोआप कळते असं धरू नये. भागीदाराला अमुक अधिकार नव्हता, हे समोरच्याला ठाऊक असेल तर एलएलपी हात वर करू शकते. तेव्हा बँकेला ठरावाची प्रत द्या, कायमच्या पुरवठादारांना दोन ओळींचं पत्र द्या. भागीदार बाहेर पडला तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण गेल्याची खबर मिळेपर्यंत बाजार त्याला भागीदारच मानतो, आणि कायदाही बाजाराच्या बाजूनं उभा राहतो. रजिस्ट्रारला तीस दिवसांत कळवायचं ते वेगळं.

यापुढची पायरी सगळ्यांत साधी, आणि तीच सगळ्यांत जास्त चुकते. इतिवृत्ताची वही. परिशिष्ट सांगतं की निर्णय झाल्यापासून तीस दिवसांत त्याची नोंद करून ती नोंदणीकृत पत्त्यावर ठेवावी. वकिली भाषा लागत नाही. दोनशे पानी वही घ्यावी, पानांना आधीच आकडे घालावेत, म्हणजे मधलं पान फाडलं तर दिसेल. माझ्या परिचयाच्या एका डोंबिवलीच्या युनिटमधली नोंद अशी आहे: ‘मंगळवार, संध्या. 7. उपस्थित तिघे. विषय: दुसरं सीएनसी मशीन. दोघांचा होकार, एकाचा नकार, कारण हप्ता जड जाईल. ठरलं: सहा महिने थांबून ऑर्डर बघायच्या. सह्या.’ पाच ओळी. नकार देणाऱ्याचं कारण त्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढं कधी ‘मी तेव्हाच सांगत होतो’ असं म्हणायची वेळ आली तर वही उघडता येते, आणि वही उघडली की आवाज चढत नाहीत.

त्या गाळ्याकडे परत येतो. सात तारखेचे पगार झाले. भागीदारानं बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि कामगारांना हातात पैसे दिले. धंदा चालू ठेवण्यासाठी भागीदारानं केलेला असा खर्च एलएलपीनं भरून द्यायचा असतो, हे परिशिष्टातच आहे. पाटल्या पुढं सुटल्या. त्याचा मित्र मात्र नऊ दिवसांनी गेला.

तेराव्यानंतर त्याची पत्नी आली. पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मृत्यूचा दाखला, पॅन कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, सगळं नीट लावलेलं. फोल्डरच्या कप्प्यातून तिनं एक लहानसं यूएसबी टोकन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “काका, ही यांची सही आहे ना? फॉर्म भरायचे आहेत म्हणतात. ही मी वापरली तर चालेल का?”

मी तिला नाही म्हटलं आणि ते टोकन पाकिटात घालून फाइलला लावलं. माणूस गेल्यावर त्याची डिजिटल सही कोणीही वापरायची नसते. मग मी तिला कायदा सांगितला. त्यांनी घातलेलं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला त्यांचा वाटा तिला आणि मुलीला मिळेल. कारभारात हात घालण्याचा हक्क वारसांना मिळत नाही. आणि एलएलपीत एकच भागीदार उरलेला आहे. हे त्याला माहीत असून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ त्यानं तसाच धंदा चालवला, तर त्यापुढच्या देण्यांना तो स्वतःच्या खिशातून जबाबदार. तेव्हा पैसे घेऊन वेगळं व्हायचं, की घरातलं कोणी भागीदार म्हणून आत जायचं, हे तिला ठरवायचं होतं. आणि तिला आत घ्यायचं की नाही हे त्या उरलेल्या मित्राला.

चार संध्याकाळी आम्ही बसलो. मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, एका कंपनीत नोकरीला. पहिल्या संध्याकाळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिनं विचारलं, “मी भागीदार झाले तर काकांना न विचारता काय काय करू शकते?” मी कागद पुढं ओढला. एवढी वर्षं करार लिहितोय, पण हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारणारा भागीदार मला तोवर भेटला नव्हता. त्या मित्रानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “लिहा साहेब. आधी तिचं लिहा.”

नवा करार चौदा पानांचा झाला. न्यायालय ठाण्याचं. कोर्ट नाक्यावर स्टॅम्पचं काम झालं, दोघांनी सह्या केल्या, आणि त्याच दिवशी गाळ्यात दोनशे पानी वही आली. पहिल्या पानावरचं अक्षर मुलीचं आहे. ‘उपस्थित दोघे. विषय पहिला: पगाराच्या खात्यावर कोणाही एकाची सही पुरेल. मंजूर.’

टेंभी नाका, ठाणे